एकच फेर पुरे

गेल्या तीन वर्षांत मी एकोणीस गोफणी वळल्या. त्यांपैकी सात वापरण्याजोग्या निघाल्या, आणि त्या सातांतली एकच अशी आहे की जिच्या भरवशावर मी चाळीस पावलांवर ठेवलेला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा दहांपैकी तीनदा वाजवू शकते. हे आकडे भूषणावह नाहीत याची मला जाणीव आहे. परंतु नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून यंत्रांचे सुटे भाग तपासणाऱ्या बाईला, उरलेल्या सात वेळा नेमके काय चुकले हे शोधण्याइतका आनंद दुसऱ्या कशातही मिळत नाही, आणि चुका पुरवण्याच्या बाबतीत गोफण अतिशय उदार आहे.

शहरात गोफण म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा बेचकी उभी राहते. बेचकी म्हणजे दुबेळक्याचे लाकूड आणि त्याला बांधलेल्या रबराच्या पट्ट्या; रबर टिकाऊ करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली असल्यामुळे बेचकीचे वय दोनशे वर्षांच्या आतलेच आहे. गोफणीत ताणले जाणारे काहीही नसते. दोन दोऱ्या, त्यांच्या मधोमध गुंडा ठेवण्याची झोळी, एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फासा आणि दुसरीच्या टोकाला चिमटीत धरायची गाठ, एवढीच तिची मालमत्ता. दोरीमुळे हाताची लांबी वाढते, चिमटीतली गाठ सोडली की झोळी उघडून गुंडा सुटतो, आणि फासा बोटात असल्यामुळे गोफण आपल्याजवळच राहते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात दगडी आयुधांची यादी दिलेली आहे आणि तीत ‘गोष्पणपाषाण’ हा शब्द येतो, तो या गोफणीच्या गुंड्यासाठीच.

माझे माहेर सिन्नर तालुक्यातल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. आईच्या लहानपणी तिथे बाजरी निसवली की कणसे पक्की होईपर्यंत, म्हणजे भाद्रपदापासून आश्विनापर्यंत, पाखरे राखण्याचे काम घरातल्या पोरांकडे येई. मचाणावर उभे राहायचे, चिमण्यांचा, सुगरणींचा किंवा होल्यांचा थवा उतरला की आरोळी द्यायची आणि गोफण सोडायची. पक्षी मारणे हा त्यामागचा उद्देश नसे. गुंडा ताटांमधून सळसळत गेला की थवा उठे आणि शेजारच्या रानात जाऊन बसे, मग शेजारच्या मचाणावरून गोफण सुटे आणि थवा परत आमच्याकडे येई; दिवसभर असा शेजारधर्म चाले, असे आई सांगते. आता आमच्या रानात बाजरीपेक्षा कांदा अधिक असतो, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर पाखरांसाठी जाळ्या पसरलेल्या दिसतात, आणि मचाणही कुठे उरलेले नाही.

तीन वर्षांपूर्वी भावाने जुन्या घराची माळवदाची खोली उतरवायला काढली, तेव्हा मापटे, शेर आणि फुटकी समई यांच्याबरोबर एका लाकडी पेटीत गोफण सापडली. उंदरांनी झोळी कुरतडलेली होती. मी ती हातात घेऊन तिच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखी आहे का ते पाहत असतानाच आईने ती माझ्याकडून घेतली आणि बोलण्याच्या ओघात, तिच्याकडे न पाहताच, फासा मधल्या बोटात सरकवून गाठ चिमटीत धरली. ती त्या वेळी शहात्तर वर्षांची होती. “वाखाची आहे,” ती म्हणाली. वाख म्हणजे अंबाडीच्या सालीचा धागा. “तू आता बाजारातली दोरी आणशील.”

मी बाजारातली दोरीच आणली. नायलॉनची दोरी मजबूत, गुळगुळीत आणि सर्वत्र सारख्या जाडीची असते, त्यामुळे माझ्यासारखीला ती लगेच पटली. शिवाय जुन्या गोफणीच्या गाठीपलीकडे बोटभर लांबीचा सुट्या धाग्यांचा झुबका होता, तो झिजून उसवलेला भाग असावा असे समजून मी माझ्या नव्या गोफणीचे टोक जाळून स्वच्छ बंद केले. पुढे कळले की तो झुबका मुद्दाम ठेवलेला असतो. झोळी रिकामी ठेवून गोफण जोरात फिरवली आणि झटक्याने उलटी ओढली की आसुडाच्या टोकाप्रमाणे त्या झुबक्याचा वेग आवाजाच्या वेगापलीकडे जातो आणि फटाक्यासारखा कडाका होतो. जवळच्या पाखरांसाठी गुंडा खर्च करावा लागत नाही. जुन्या वस्तूतला एखादा भाग निरुपयोगी दिसला की तो काढून टाकण्याआधी वर्षभर थांबावे, हा नियम मी तेव्हापासून कारखान्यातही पाळते.

नायलॉनच्या गोफणीने टाकलेला पहिलाच गुंडा माझ्या डाव्या हाताला जवळजवळ काटकोनात गेला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर आदळला. वहिनी अंगणात कांद्याच्या पाती निवडत बसली होती. “ताई, त्या मोटारीनं तुमचं काय घोडं मारलंय?” असे तिने विचारले आणि ताट उचलून ती घरात गेली. दुसरा गुंडा वर गेला, आणि तो कुठे पडणार हे न कळल्यामुळे मीही घरात गेले.

दिवाळीनंतर पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले मेंढ्यांचे वाडे चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघतात आणि वाटेत शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानात बसवून घेतात. दोन-तीन रात्री मेंढ्या बसल्या की रानाला खत मिळते आणि मेंढपाळाला त्याचा मोबदला धान्यात किंवा रोख मिळतो. त्या वर्षी भावाच्या रानात असाच एक वाडा बसला होता. त्यांच्यातले सत्तरीचे एक बाबा बांधावर बसून माझा सराव बराच वेळ पाहत होते. मी गोफण डोक्यावर सात-आठ वेळा गरगर फिरवून, वेग पुरेसा आला असे वाटले की सोडत होते; चित्रांमध्ये तसेच दाखवतात. शेवटी त्यांना राहवले नाही.

“पोरी, एवढी घुमवती कशाला? हात दमतो नि गुंडा हुकतो. एकच फेर पुरं.”

त्यांनी कमरेची गोफण सोडली, पायाजवळचा एक खडा उचलला, हात पाठीमागे नेऊन एकदाच डोक्यावरून आणला आणि कळपापासून भरकटू लागलेल्या मेंढीच्या पुढ्यात, तिच्यापासून दोन हातांवर, तो टाकला. मेंढी वळली. मेंढीला गुंडा मारायचा नसतो, तिच्या पुढ्यात टाकायचा असतो, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी डब्याला गुंडा लावण्याची जी पराकाष्ठा करत होते, तिच्यापेक्षा हे काम पुष्कळ अवघड आहे, कारण इथे हुकण्याची किंमत मेंढीच्या पायाने द्यावी लागते. तिबेटमधले गुराखी याकच्या लोकरीच्या गोफणीने आणि अँडीज पर्वतातले मेंढपाळ लामा-अल्पाकाच्या लोकरीच्या गोफणीने हेच काम करत आले आहेत.

बाबांची गोफण दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची होती. लोकर चातीवर कातून काळ्या आणि पांढऱ्या पेडांची चौपेडी वेणी घातलेली होती. मी ती विकत मागितली, त्यांनी दिली नाही. टेपने मोजू का असे विचारले, तेव्हा मात्र हसून हातात दिली. घडी घातल्यावर बोटापासून झोळीपर्यंत ८२ सेंटीमीटर आणि झोळीची लांबी १४ सेंटीमीटर, असे मी हाताच्या तळव्यावर लिहून घेतले आणि घरी आल्यावर तंतोतंत त्याच मापाची गोफण केली. ती चालली नाही. त्याचे कारण कळायला मला पुढचा उन्हाळा लागला, आणि ते सांगण्याआधी थोडे गणित सांगणे आवश्यक आहे.

समजा, गुंडा ६० ग्रॅमचा आहे, दोरी ७५ सेंटीमीटरची आहे आणि सुटताना गुंड्याचा वेग सेकंदाला २५ मीटर आहे. हाताची स्वतःची हालचाल सोडून दिली तर ढोबळमानाने त्या क्षणी गुंडा सेकंदाला पाचाहून अधिक फेऱ्या, म्हणजे सुमारे १९०० अंश, या गतीने फिरत असतो आणि दोरीवरचा ताण पाच किलोचे वजन टांगल्याइतका असतो. साठ ग्रॅमच्या खड्याचे हे पाच किलो झालेले ओझे बोटांना स्पष्ट जाणवते. परंतु खरी गोष्ट पहिल्या आकड्यात आहे. गाठ सोडण्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी चूक झाली तर गुंड्याची दिशा १९ अंशांनी बदलते, आणि तीस मीटरवरच्या डब्यापासून तो दहा मीटर दूर जातो. डोळ्याची पापणी मिटायलाही याच्या दहापट वेळ लागतो. याचा अर्थ असा की ‘आता सोडावे’ असे मनात ठरवून कोणीही माणूस गोफणीने नेम साधू शकत नाही. हात ज्या क्षणी सोडतो, तो क्षण हाताने शेकडो फेकींतून शिकलेला असतो, आणि हाताला तो शिकता यावा यासाठी प्रत्येक वेळी दोरी, झोळी, गाठ, गुंडा आणि फेर हे सगळे सारखेच असावे लागतात. आठ वेळा गरगरवल्याने वेग फारसा वाढत नाही, कारण शेवटचा झटका हाच वेग देतो. उलट प्रत्येक फेऱ्यात गोफण फिरण्याची पातळी थोडी कलते आणि आठव्या फेऱ्याला ती कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसते. बाबांचे म्हणणे असे गणितात बसले, तेव्हा मला उगाचच आपणच काही शोध लावल्यासारखे वाटले.

नायलॉन का नको, तेही यातच आले. नायलॉन ताणाखाली लांबतो आणि सुटला की आखडतो, त्यामुळे जोर कमी-जास्त झाला की दोरीची लांबीही कमी-जास्त होते. शिवाय तो गुळगुळीत असल्यामुळे चिमटीतून गाठ कधी लवकर सरकते, कधी बोटांना घाम आला की अडकते. लोकर थोडी ताणते, पण बोटांना पकड देते. सुती दोरा मऊ आणि विश्वासू आहे, मात्र पावसात जड होतो. वाख जवळजवळ ताणतच नाही, आणि म्हणून माझी सगळी चांगली कामे वाखाची आहेत.

वाख मिळवणे हे या छंदातले सर्वांत वेळखाऊ आणि माझ्या मते सर्वांत रंजक काम आहे. अंबाडीची भाजी नाशिकच्या बाजारात सहज मिळते, पण वाखासाठी ती उंच वाढू द्यावी लागते. आईच्या सांगण्यावरून भावाने बांधाकडेला दोन ओळी लावल्या, फुलावर आल्यावर मी त्या कापल्या, पाने झाडून काड्यांच्या पेंढ्या बांधल्या आणि त्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवल्या. दहा ते पंधरा दिवसांत साल सुटू लागते. दिवस कमी भरले तर साल काडीला चिकटून राहते आणि जास्त झाले तर धागाच कुजतो; योग्य दिवस कोणता, हे आई काडी हातात घेऊन तिची साल बुडख्याकडून एकदा ओढून सांगते. वासाबद्दल न बोललेले बरे. साल सोलून, पाण्यात आपटून धुऊन, दोरीवर वाळवली की भुऱ्या सोनेरी रंगाचा वाख हाती येतो. अंबाडी नसेल तर ताग चालतो. हिरवळीच्या खतासाठी तो पेरणारे शेतकरी आपल्याकडे आहेत आणि गाडण्याआधी दहा-वीस काड्या मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. बांधावरच्या घायपाताचा वाख मी एकदा काढून पाहिला. तो मजबूत असतो, परंतु बोटांना काचतो, त्यामुळे पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

वाखाच्या बारीक बटा मांडीवर वळून आधी दोन-दोन बटांचा एकेक पेड करायचा आणि मग चार पेडांची गोल वेणी घालायची. केसांची तिपेडी वेणी घालणारा हात इथे सुरुवातीला अडखळतो, कारण तिपेडी वेणी चपटी येते आणि हातात कलते, तर चौपेडी गोल येते आणि कुठूनही धरली तरी सारखीच लागते. वेणी घातल्यावर लांबी साधारण चौथाईने आटते, त्यामुळे मीटरभर पेड घेतले तर पाऊण मीटर दोरी होते. फाशापासून सुरुवात करून झोळीपर्यंत आले की चारही पेड मोकळे करून बोटभर अंतरावर पसरायचे आणि त्यांच्यातून आडवा धागा वरखाली नेत, बाज विणावी तशी, झोळी विणायची. मग पेड पुन्हा एकत्र घेऊन दुसऱ्या बाजूची दोरी वळायची. झोळी मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती हवी. सुश्रुतसंहितेत जखमेवर बांधायच्या पट्ट्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक ‘गोफणा’ आहे, आणि तो हनुवटी, नाक, ओठ, खांदा अशा उंचवट्याच्या जागी बांधायला सांगितला आहे. मधला रुंद भाग उंचवट्याला कवेत घेतो आणि दोन्ही निमुळती टोके मागे बांधली जातात. वैद्याला त्या पट्टीसाठी गोफणीपेक्षा जवळची उपमा सापडली नाही, यावरून त्या काळी गोफण किती घरगुती वस्तू असेल ते दिसते. झोळी खोल झाली तर गुंडा उशिरा सुटतो आणि उथळ झाली तर फेर पुरा होण्याआधीच निसटतो. माझ्या वाया गेलेल्या बारा गोफणींपैकी आठ झोळीमुळेच वाया गेल्या.

तुतनखामेनच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यात जवसाच्या धाग्याच्या, बारीक वेणीकाम केलेल्या गोफणी होत्या. त्यांची छायाचित्रे पाहताना मी राजाच्या सोन्याच्या मुखवट्यापेक्षा अधिक वेळ त्या वेणीकडे पाहिला आहे, आणि तिच्यापुढे माझी सोळावी गोफण सुतळीच्या तुकड्यासारखी दिसते हे मान्य करते.

आता त्या ८२ सेंटीमीटरचे. पुढच्या उन्हाळ्यात मी कागदावर वेगवेगळ्या लांबींचे तक्ते करत असताना, बाबा गोफण कशी धरत होते ते आठवू लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली. हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरल्यावर त्यांची झोळी गुडघ्याच्या जरा वर लोंबत होती. माझी उंची त्यांच्यापेक्षा वीतभर कमी असल्यामुळे तेच माप माझ्या गुडघ्याखाली जात होते आणि फेर घेताना गुंडा जमिनीला घासू नये म्हणून मी नकळत खांदा उचलत होते. गोफणीचे माप टेपवर नसून अंगावर असते, ही गोष्ट बाबांना सांगण्यासारखी वाटलीच नसावी. मी दोरी ७४ सेंटीमीटरवर आणली आणि त्याच आठवड्यात डबा पहिल्यांदा वाजला. स्पेनजवळच्या बॅलिअरिक बेटांवरचे गोफणवाले, ज्यांना कार्थेज आणि रोम या दोघांनीही सैन्यात घेतले, तीन लांबींच्या तीन गोफणी जवळ बाळगत असे प्राचीन लेखक लिहितात: लांब पल्ल्यासाठी लांब, जवळच्या माऱ्यासाठी आखूड आणि मधल्यासाठी मधली. तिथल्या आया भाकरी उंचावर ठेवत आणि मुलाने ती गोफणीने पाडल्याशिवाय त्याला खाऊ देत नसत, अशीही कथा आहे. आमच्या घरी हा प्रयोग झाला असता तर मी अजून उपाशी असते. त्याच बेटांपैकी मायोर्कात आजही गोफणीच्या स्पर्धा होतात.

लांब पल्ल्याची हौस मला फारशी नाही, तरी एक आकडा सांगते: १९८१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात लॅरी ब्रे या गृहस्थाने १२९.५ सेंटीमीटर लांबीच्या गोफणीने ५२ ग्रॅमचा दगड ४३७.१० मीटर दूर टाकला. माझा सर्वांत लांब गेलेला गुंडा ५८ मीटरवर पडला, आणि त्या वेळी मी त्याला तिकडे पाठवतही नव्हते.

गुंड्यांचे प्रकरण मी आधी सोपे समजत होते. गोदावरीच्या पात्रात काळ्या पाषाणाचे गुळगुळीत गोटे मुबलक आहेत, म्हणून एका रविवारी पिशवीभर गोटे आणून मी ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलले. एकशे चाळीस गोट्यांपैकी ५५ ते ६५ ग्रॅमच्या आत फक्त बावीस निघाले. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये कुठे पोकळ्या असतात आणि कुठे त्या पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेले असते, त्यामुळे डोळ्यांना जुळे दिसणारे दोन गोटे काट्यावर दहा-दहा ग्रॅमने वेगळे निघतात. जो गुंडा जड, तो उशिरा सुटल्यासारखा वाटतो आणि खाली जातो. आणि मग आपण हाताला दोष देत बसतो.

म्हणून मी मातीकडे वळले. नुसती काळी माती वाळताना तडकते, त्यामुळे कुंभाराकडची चिकणमाती आणि चाळलेली वाळू मिसळते. लाकडाचे दोन भागांचे छोटे साचे मी सुताराकडून करून घेतले आहेत. ओला गोळा ७५ ग्रॅमचा घेतला की वाळून ६० च्या आसपास भरतो आणि पन्नास गुंड्यांत दोन ग्रॅमच्या वर फरक पडत नाही. या कामात मला दिवसभराच्या नोकरीचा खरा उपयोग झाला. आकार गोल न करता दोन्हीकडे निमुळता, खारकेसारखा ठेवते. असा गुंडा सुटताना स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरू लागला तर हवा कापत सरळ जातो. मातीचा आणखी एक फायदा आहे: गुंडा डब्यावर किंवा ढेकळावर फुटून मातीत मिसळतो, त्यामुळे नांगराच्या फाळाला आणि खुरपणाऱ्या बाईच्या हाताला त्रास होत नाही. सिरियातल्या हमूकार येथे इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराच्या उद्ध्वस्त वस्तीत असे मातीचे लंबगोल गुंडे हजाराहून अधिक संख्येने मिळाले आहेत, म्हणजे माझा साचा फारसा नवा नाही. शिशाचे गुंडे याहून सरस ठरतात. लहान आकारात अधिक वजन मावत असल्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो. ऱ्होड्स बेटावरच्या गोफणवाल्यांचे शिशाचे गुंडे पर्शियन लोकांच्या मुठीएवढ्या दगडांच्या दुप्पट अंतर जात, असे झेनोफोन या प्राचीन ग्रीक लेखकाने नोंदवले आहे. पण शिसे विषारी आहे आणि भावाच्या रानात ते पेरून ठेवण्याची मला इच्छा नाही.

एकदा गोफण आणि गुंडे एकसारखे झाले की मग चुका बोलू लागतात. मी उजव्या हाताने, पाठीमागून डोक्यावरून पुढे येणारा उभा फेर घेते. या फेरात गाठ लवकर सुटली तर गुंडा उंच जातो आणि उशिरा सुटली तर पुढ्यातल्या मातीत घुसतो. डाव्या-उजव्या बाजूची चूक थोडी असते. आडवा फेर घेतला तर याच्या उलट होते: उंची बरी साधते, पण लवकर सुटलेला गुंडा उजवीकडे आणि उशिरा सुटलेला डावीकडे भरकटतो. मोटारीच्या खोलीवर गेलेला तो पहिला गुंडा आडव्या फेराचा आणि फार उशिरा सुटलेला होता, हे आज मी ठामपणे सांगू शकते. उभ्या फेरातही गुंडे सतत उजवीकडे जाऊ लागले तर पातळी कललेली असते, म्हणजे पाय चुकीच्या जागी असतात. आणि एक गुंडा वर, एक खाली, एक बरोबर असे काहीही होऊ लागले, तर हात दमलेला असतो किंवा गाठ झिजून लहान झालेली असते; अशा वेळी आधी गाठ पाहावी.

सराव कुठे करायचा हा प्रश्न नाशिकमध्ये राहणाऱ्याला पडतोच. गोल्फ क्लबचे मैदान पहाटेपासून चालणाऱ्यांनी भरलेले असते, तिथे मी टेनिसचा चेंडूसुद्धा कधी फेकला नाही. गंगापूर धरणाच्या कडेला आणि नांदूरमध्यमेश्वरला पक्षी असतात. म्हणून मी महिन्यातून दोन रविवार माहेरी जाते आणि कांदा निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या वावरात, मागे उंच ताल असेल अशा जागी, डबा ठेवते. नवशिक्याचा गुंडा मागेही जाऊ शकतो, त्यामुळे पाहणाऱ्यांना मी माझ्या मागे उभे राहू देत नाही. सगळ्यांनी मोटारीच्या खोलीच्या भिंतीआड थांबायचे, असा नियम आहे आणि वहिनीने तो स्वतःच घातलेला आहे. भाच्याला मी सुरुवातीचे दोन महिने फक्त टेनिसच्या चेंडूवर शिकवले. चेंडू साठ ग्रॅमच्या आतच असतो, त्यामुळे हाताला सवय योग्य वजनाची लागते आणि डोक्याला लागला तर टेंगळावर निभावते.

मागच्या डिसेंबरात आम्ही रामशेजवर गेलो होतो. आशेवाडीकडून चढून वर गेल्यावर भाच्याने खाली पाहिले आणि इथून गोफण किती लांब जाईल असे विचारले. १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना या किल्ल्याने दाद दिली नाही. गडावर लोखंडी तोफा नसताना लाकूड पोखरून आणि चामडे मढवून तोफा केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि वेढ्याच्या लोककथांत गोफणगुंडेही येतातच. उंचीचा फायदा किती मिळेल ते आम्ही कागदावर काढले, पण गोफण पिशवीतून बाहेर काढली नाही, कारण खाली पायथ्याला माणसांची शेते आहेत. भाचा थोडा हिरमुसला. परतताना त्याने वाटेतून सात गोटे उचलले आणि घरी आल्यावर, मी न सांगता, वजनकाटा मागितला.

विसाव्या गोफणीसाठीची अंबाडी सध्या भावाच्या विहिरीजवळच्या जुन्या टाकीत भिजत आहे. आज अकरावा दिवस. आईने फोनवर काडीची साल सुटते का ते वहिनीला पाहायला सांगितले आहे, आणि वहिनीने, नाकाला पदर लावून, अजून दोन दिवस थांबावे लागेल असे कळवले आहे.